डिझेल इंजिन खोललंच आहे, तर हेडचा फेस मारूनच घ्यावा का?

काळाधूर (धागालेखक)

दोन लिटरचं चार सिलिंडर डिझेल. डायरेक्ट इंजेक्शन, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, वर व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅम, टायमिंग बेल्ट. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधे हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट उडालं होतं; पाणी कमी व्हायचं आणि टाकीत बुडबुडे यायचे. रिंगा, बेअरिंगं करायचीच होती म्हणून इंजिन पूर्ण उतरवलं.

आता हेड मशीनशॉपला न्यायचंय. तिथला माणूस म्हणतो, हेड उतरलं की फेस मारायचाच (म्हणजे गॅस्केट बसतं तो सपाट तळ मशीनवर घासायचाच), त्यात विचारायचं काय? दुसरा एक जाणता म्हणतो, सरळ असेल तर हात लावू नकोस, डिझेल आहे. मॅन्युअलमध्ये वाकाची मर्यादा ०.१० मिमी दिली आहे, हेडची किमान उंचीही दिली आहे. माझी मापं अशी: लांबीत ०.०६, एका कर्णावर ०.०८, दुसऱ्यावर ०.०६, आडव्यात ०.०२च्या आत. म्हणजे कागदावर पास. पण मशीनशॉपवाला ऐकायला तयार नाही. काय करू?

टॅपेट

घेऊन टाक फेस. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधून उडालं म्हणजे हेड तापलेलं होतं, आणि तापलेलं हेड धड राहिलेलं माझ्या पाहण्यात फार कमी. ०.०८ म्हणजे काठावर पास. नवं गॅस्केट जुन्या डागांवर बसवायचं आणि पुन्हा बुडबुडे आले की कपाळाला हात लावायचा, हे कशाला? हलका कट, विषय संपला.

शतांश

टॅपेटभाऊ, पेट्रोल इंजिनात हलका कट खपून जातो. डिझेलात त्याची भरपाई कुठून होते ते आधी बघावं लागतं.

काळाधूर, मापं कशाने घेतलीस? स्टीलची साधी फूटपट्टी उभी धरून घेतलेलं माप म्हणजे अंदाज. ग्राइंड केलेली स्ट्रेट एज हवी, निदान हेडच्या लांबीएवढी. हेड पूर्ण मोकळं आणि थंड, कार्बन आणि जुन्या गॅस्केटचा चिकटा काढलेला. लांबीत दोन्ही कडांना, आडवं सिलिंडरच्या मधल्या पट्ट्यांवर, आणि दोन्ही कर्ण. फिलर गेजची ०.०५ची पत्ती घालायची आणि ती कुठे शिरते ते खडूने हेडवरच लिहायचं.

नुसता आकडा पुरत नाही, वाकाचा आकार कळायला हवा. अख्ख्या लांबीत सावकाश पसरलेला ०.०६ ही एक गोष्ट, आणि शंभर मिमीच्या टप्प्यात अचानक आलेला ०.०६ ही वेगळीच. पहिल्या प्रकारचा वाक बोल्ट आवळल्यावर बसतो, दुसऱ्या प्रकारचा बसत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण लांबीच्या मर्यादेबरोबर दर १५० मिमीला ०.०५ अशीही अट धरतात.

आणि मुख्य प्रश्न: कॅम हाताने फिरतो का?

काळाधूर

स्ट्रेट एज उसनी आणलेली आहे, ग्राइंड केलेली. पत्ती मधे शिरते, दोन आणि तीनच्या खाली. टोकांना शिरत नाही. म्हणजे हेड मधे वर उचललंय.

कॅम: बाकी सगळं काढून नुसता कॅम ठेवला, तेल लावलं, त्याच्या बेअरिंगच्या कॅपा टॉर्कवर आवळल्या. हाताने फिरतो, पण एका जागी किंचित जड लागतो. हे तपासायचं असतं हे माहीतच नव्हतं.

शतांश

जड लागतो हे महत्त्वाचं आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण मशीनशॉपमध्ये हा भाग हमखास सुटतो.

ॲल्युमिनियम बिडापेक्षा दुपटीच्या आसपास फुगतं. इंजिन तापलं की हेडला लांब व्हायचं असतं, पण बोल्टांनी ते ब्लॉकला जखडलेलं असतं. मग ते मधे वर उचलतं आणि त्याच आकारात थंड होतं. तुझ्याकडे नेमकं तेच झालंय. पण वाकतो तो फक्त खालचा फेस नाही. अख्खं हेड वाकतं, त्यात कॅमची बोअरही आलीच. खाली ०.०७ वाक असेल तर वर कॅमच्या रेषेतही तेवढाच धरून चाल.

आता दोन शक्यता बघ. हेड आहे तसं सरळ ब्लॉकवर बसवून आवळलं, तर बोल्ट मधला भाग खाली ओढतात, फेस सपाट होतो आणि कॅमची रेषाही सरळ होते. पण फेस मशीनवर सपाट करून घेतला, तर आवळताना ओढायला काही उरतच नाही. फेस सपाट, वर कॅमची रेषा वाकडी, आणि ती आता कायमची वाकडी. कॅम जड फिरेल, मधल्या बेअरिंगची झीज होईल, आणि वाक जास्त असेल तर एखाद दिवशी कॅम तुटेलही. फेस मारून आणलेलं हेड आणि महिनाभरात तुटलेला कॅम ही जोडी म्हणूनच इतकी ओळखीची आहे.

तपासायचं असं: हेड ब्लॉकवर जुन्या गॅस्केटसकट ठेव, जुनेच बोल्ट लाव, ठरलेल्या क्रमाने पहिल्या-दुसऱ्या टप्प्याच्या टॉर्कपर्यंतच आवळ. कोनाचा टप्पा (टॉर्कनंतर बोल्ट ठरलेले अंश फिरवणं) मारू नकोस, ताणाचे बोल्ट आधीच ताणले गेलेले असतात. मग कॅम फिरव. जडपणा गेला, तर फेस आणि कॅमची रेषा एकत्रच वाकल्या आहेत.

टॅपेट

हे मान्य. पण मग वाकलेलं हेड तसंच चढवायचं म्हणतोस?

शतांश

मर्यादेत असेल आणि पृष्ठभाग चांगला असेल, तर हो, तसंच. मर्यादेबाहेर असेल तर आधी सरळ करायचं, मग कट घ्यायचा. जाड स्टीलच्या प्लेटवर हेड ठेवतात, दोन्ही टोकांखाली मोजून पत्र्याच्या शिमा घालतात, मधे बोल्टने खाली ओढतात आणि भट्टीत तापवून सावकाश थंड होऊ देतात. बहुतेक वाक त्यातच निघतो, त्यामुळे नंतरचा कट नावापुरता राहतो. हे करणारी मशीनशॉपं कमी आहेत, हे खरं.

बघ्या

नवखा प्रश्न. हेड घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि पिस्टन हेडला आपटतो असं ऐकलंय. डिझेलला फेस मारू नये म्हणतात ते याचमुळे ना?

शतांश

अर्धंच बरोबर आहे, आणि या अर्ध्यातूनच बरेच गोंधळ होतात.

डायरेक्ट इंजेक्शन डिझेलच्या बहुतेक हेडांचा तळ सपाट असतो, ज्वलनाची वाटी पिस्टनमध्ये असते. पिस्टन वर येतो तेव्हा ब्लॉकच्या फेसच्या किती वर येतो आणि गॅस्केट किती जाड आहे, या दोनच गोष्टींवर पिस्टन आणि हेडमधली फट ठरते. हेडमधून ०.१ काढा की ०.३, तळ पुन्हा गॅस्केटवरच बसतो. ती फट तेवढीच राहते. फट कमी होते ती ब्लॉकचा फेस मारल्यावर. तिथे मात्र पिस्टन सरळ वर येतो.

हेड घासल्यावर हलतं काय, तर हेडमध्ये बसलेलं सगळं. व्हॉल्व्ह तळापासून जितके आत असायचे तितके राहत नाहीत. नोजलचं टोक तेवढंच जास्त खाली येतं, मग फवारा वाटीच्या कडेवर चुकीच्या जागी पडतो. म्हणजे आपटण्याची भीती पिस्टन-हेडची नाही, पिस्टन-व्हॉल्व्हची आहे.

कॉम्प्रेशनचा हिशोब करून बघ. दोन लिटर, चार सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरला ५०० घनसेंमी. प्रमाण १८ धरलं तर वर उरलेली जागा ५००/१७, म्हणजे २९.४ घनसेंमी. व्हॉल्व्ह ३८ आणि ३४ मिमीचे धरले तर दोघांचं मिळून क्षेत्रफळ साधारण २०.४ चौसेंमी. ०.१२ मिमी कट घेतला तर व्हॉल्व्हच्या खळग्यातून गेलं जेमतेम पाव घनसेंमी. प्रमाण १८.०चं १८.१ होतं. तोच ०.१२ ब्लॉकमधून काढला, बोअर ८१ मिमी, तर ०.६ घनसेंमी जातात आणि प्रमाण १८.४च्या जवळ पोचतं. हेडच्या हलक्या कटाने कॉम्प्रेशन वाढायची भीती बाळगू नये. व्हॉल्व्हची खोली मोजायची, एवढंच.

टॅपेट

म्हणूनच तर जाड गॅस्केट मिळतं. ०.२५ जादाचं टाकायचं की व्हॉल्व्हला जागा झाली.

शतांश

जागा झाली खरी, पण आत्ताच लिहिलेला हिशोब उलटा चालव. ०.१२ काढून ०.२५ घातलं की पिस्टन-हेडची फट ०.२५ने वाढली. कॉम्प्रेशन उतरलं, कडेने वाटीत ढकलली जाणारी हवा मंदावली. थंडीत स्टार्टिंगला त्रास आणि सुरुवातीचा पांढरा धूर. कमिन्सच्या बी सिरीजसारख्या काही इंजिनांना जादा जाडीची गॅस्केटं मिळतात आणि तिथे कट ०.२५च्या घरात असेल तर ती योग्यच. पण ०.१२च्या कटाला सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) कापून व्हॉल्व्ह परत आत बसवणं बरं. त्यात व्हॉल्व्हची दांडी वर तेवढीच उंचावते, स्प्रिंगची बसण्याची उंची वाढते, हेही मोजायचं असतं.

काळाधूरच्या इंजिनात गॅस्केटची जाडी पिस्टन किती वर येतो त्यावरूनच ठरत असणार. मापून बघ आणि त्याप्रमाणेच घे, जुनं होतं तसं आणू नकोस.

टीडीआय_वाला

फोक्सवॅगनच्या जुन्या १.९ टीडीआयचं उदाहरण देतो. पिस्टन ०.९१ ते १.०० मिमी वर येत असेल तर एका भोकाचं गॅस्केट, १.०१ ते १.१० तर दोन भोकांचं, १.११ ते १.२० तर तीन भोकांचं. भोकं ही जाडीची खूण, जास्त भोकं म्हणजे जास्त जाड. हेडबद्दल मॅन्युअल स्पष्ट सांगतं: वाक ०.१ मिमीपर्यंत चालेल, आणि हेड मशीन करायचंच नाही. वाकडं निघालं तर बदला. बाहेर लोक फेस मारून चालवतात, ते वेगळं.

अजून एक. त्याच मॅन्युअलप्रमाणे व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या बारीक भेगा ०.५ मिमी रुंदीपर्यंत चालतात. भेग दिसली की हेड भंगारात, असं सरसकट नसतं.

सहा_सिलिंडर

मी मोठ्या गाड्यांच्या आणि जनसेटच्या इंजिनांवर काम करतो. आमच्याकडे बिडाचं हेड, पुशरॉड, वेट लायनर (ब्लॉकमध्ये बसवलेली, बाहेरून पाणी लागणारी सिलिंडरची नळी). कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे शतांश म्हणतात ती भानगड आम्हाला नाही. टॅपेट सेट केले की झालं. बेल्टचं टायमिंगही नाही.

पण आमचा अनुभव असा की गॅस्केट उडालं की सगळे हेडकडे धावतात आणि दोष असतो लायनरमध्ये. वेट लायनर ब्लॉकच्या वर थोडा उठलेला असावा लागतो, बऱ्याच मोठ्या इंजिनांत ०.०३ ते ०.१५ मिमीच्या मधे, आणि शेजारच्या दोन लायनरमध्ये फरक अगदी थोडा. गॅस्केटच्या फायर रिंगवर (सिलिंडरभोवतीच्या कड्यावर) दाब येतो तो या उठावामुळे. लायनरची कॉलर बसते ती जागा खचली की उठाव जातो. मग हेड आरशासारखं करून आणलंत तरी गॅस तिथूनच निघणार. डायल गेज लावून, लायनर दाबून धरून, प्रत्येक लायनर चार जागी मोजा. हे काम हेड मशीनवर चढवण्याच्या आधीचं.

आमच्याकडे फेस मारायचं खरं कारण बहुतेक वेळा फायर रिंगने हेडमध्ये पाडलेली खाच असते. वाक शून्य, पण नख अडकेल अशी गोल खाच. ती राहिली तर नव्या रिंगला धर मिळत नाही.

आणि ज्या इंजिनांत दर सिलिंडरला वेगळं हेड असतं, तिथे एकाच हेडचा फेस मारू नका. एक हेड खाली गेलं की मॅनिफोल्ड सरळ बसत नाही. घ्यायचा तर सगळ्यांचा सारखा कट.

जुनं_इंजिन

प्रीचेंबरवाल्यांसाठी जोडतो. इनडायरेक्ट इंजेक्शनच्या हेडात स्वर्ल चेंबरचे (डिझेल आधी पेटतं त्या छोट्या कप्प्याचे) इन्सर्ट तळाला बसवलेले असतात, तळाच्या बरोबरीने किंवा किंचित बाहेर. इन्सर्ट न काढता कट घेतला तर कडक धातू कटरची धार घालवतो आणि इन्सर्टच्या कडेला पायरी पडते. इन्सर्ट काढायचे, फेस मारायचा, मग त्यांची बसायची जागा तेवढीच खोल करायची. मशीनशॉपला हे आधी सांगा. सांगितलं नाही तर ते बहुधा सरळ वरून फिरवतात.

बघ्या

घरीच ग्राइंडरला ती जाळीदार गोल चकती लावून साफ केलं तर? चकाचक होतं.

शतांश

नको. दोन कारणं. मऊ ॲल्युमिनियमवर चकती एका जागी जरा रेंगाळली की खळगा पडतो. डोळ्याला दिसत नाही, गॅस्केटला कळतो. दुसरं जास्त वाईट: चकतीतली ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड तेलाच्या वाटांत शिरते आणि बेअरिंगं खाते. जनरल मोटर्सने यावर आपल्या वर्कशॉपांसाठी बुलेटिन काढलेलं आहे. प्लॅस्टिकची खरवडणी, गॅस्केट रिमूव्हर, संयम.

पृष्ठभागाच्या फिनिशबद्दल कुणी बोललं नाही अजून. हल्लीची स्टीलच्या थरांची गॅस्केटं, एमएलएस, यांना गुळगुळीत फेस लागतो, आरए (खरखरीतपणाचं माप) ०.८ मायक्रॉनच्या आत. जुन्या मऊ कॉम्पोझिट गॅस्केटना उलट थोडा खरखरीतपणा हवा, १.५ ते २.५च्या आसपास, नाहीतर ती सरकतात. म्हणून मशीनशॉपला "फेस मारा" एवढंच सांगून भागत नाही, गॅस्केट कोणतं आहे ते सांगा आणि फिनिश मोजून मागा. ॲल्युमिनियमला हिऱ्याचा पीसीडी कटर, बिडाला सीबीएन (बोरॉन नायट्राइड), फिरकी जोरात आणि सरकवणं हळू. दगडाने ॲल्युमिनियम घासलं तर धातू चोपडला जातो. फेसवर बोट फिरवून आरए सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

काळाधूर

अपडेट.

जुन्या बोल्टांनी ब्लॉकवर हेड आवळून बघितलं. कॅमचा जडपणा गेला, मोकळा फिरतो. म्हणजे वाकाच्या दृष्टीने फेस मारायची गरज नाही, उलट न मारलेलाच बरा. आनंद झाला.

तो फार टिकला नाही. हेड केमिकलमध्ये बुडवून साफ केल्यावर दोन-तीनच्या मधे पाण्याच्या भोकाकडून फायर रिंगच्या रेषेपर्यंत खड्डे दिसले. पाण्याने खाल्लेलं ॲल्युमिनियम, आधी गॅस्केटच्या काळ्या थराखाली झाकलेलं होतं. सगळ्यात खोल खड्डा डायल गेजवर ०.१० आला आणि तो नेमका रिंग बसते तिथे आहे. प्रेशर टेस्ट झाली, गरम पाण्यात, भेग नाही.

आता?

टॅपेट

आता बोला. 😄

शतांश

आता कट घ्यावाच लागेल. रिंगच्या खालचा खड्डा गॅस्केट भरून काढत नाही. एमएलएसवरचं रबराचं लेपन शतांश मिमीच्या हिशोबात असतं, त्याच्याने ०.१० काय झाकणार? खड्डे रिंगच्या बाहेर, नुसत्या पाण्याच्या भोकाच्या कडेला असते तर मी सोड म्हटलं असतं.

पण वाक तसाच ठेवून कट घ्यायचा नाही. आधी भट्टीत सरळ, मग कट. सरळ करणारं मशीनशॉप शोध, दूर असलं तरी. आणि हेड तापून गेलेलं आहे, तर कडकपणा तपासून घे. तापून मऊ पडलेलं हेड सरळ होतंही लवकर आणि पुन्हा वाकतंही लवकर, बोल्टाखाली दबतं.

कट घेण्याआधी व्हॉल्व्हची खोली आणि नोजलचं टोक दोन्ही मोजून लिहून ठेव.

काळाधूर

झालं काम.

कडकपणा ठीक निघाला. सरळ केल्यावर लांबीत ०.०२ राहिलं, कॅम आता मोकळ्या हेडवरही बिनजड फिरतो. एकूण कट ०.१२. व्हॉल्व्हची खोली आधी ०.९८ होती, आता ०.८६, मॅन्युअलची किमान ०.८०, म्हणून सीट कापली नाही, नुसतं लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासणं) केलं. नोजलचं टोक मर्यादेत आहे, वॉशर तीच जाडी ठेवली. फिनिश मशीनशॉपने समोर मोजून दाखवला, आरए ०.६. हेडची उंची किमान मापाच्या वर आहे. किती काढलं ते हेडच्या बाजूला पंच करून घेतलंय, पुढे उघडणाऱ्याला उपयोगी पडेल.

गॅस्केट पिस्टनच्या मापावरूनच घेतलं. जाड घेतलं नाही, टॅपेटभाऊ माफ करा.

एकच शंका: कॅम क्रँकच्या जवळ आला, टायमिंग बदललं असेल ना?

शतांश

बदललं, पण किती? कॅमची पुली १०० मिमी व्यासाची धरली तर ०.१२ मिमीने कॅम फिरतो ०.१४ अंश, क्रँकवर ०.३ अंशाच्या आत. शिवाय लॉक पिन लावून, पुलीचे बोल्ट ढिले ठेवून बेल्ट चढवला तर तेवढंही निघून जातं. अर्धा मिमी काढला असता तर बोललो असतो.

सहा_सिलिंडर

ब्लॉकचा फेस मोजलास का? इतकं हेड-हेड चाललंय, गॅस्केटला दोन बाजू असतात.

काळाधूर

मोजला. ०.०३, खाच नाही, खड्डे नाहीत.

टॅपेट

बोल्टांची भोकं?

काळाधूर

टॅप फिरवून हवेने साफ केली. दोन भोकांत तळाशी पाणी आणि तेल निघालं.

टॅपेट

तेच विचारत होतो. पाणी असताना नवा बोल्ट आवळला असता तर ते दबायला जागा नसते, टॉर्क पाना खोटं माप दाखवतो आणि ब्लॉक भोकापाशी तडकतो. पुन्हा एकदा हवा मार, पांढरं फडकं तळापर्यंत घालून कोरडं निघतं का बघ. मग क्रमाने आवळ, आणि कोनाचा टप्पा अंदाजाने नको, कोनमापी लावून.